‘पिक अप’ आणि आपले उचलणे

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत किंवा व्हाइटफील्डला नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी दिवसातून अनेकदा एकच इंग्रजी क्रियापद येते आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा असतो. कंपनीची गाडी पिकअपला किती वाजता येणार? ग्राहक फोन पिक अप करतोय का? पुढच्या तिमाहीत धंदा पिक अप होईल का? हे टिकेट कोण पिक अप करतंय? इथे येऊन वर्ष झालं, कन्नड अजून पिक अप झाली नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगावहून आलेली मुले हे सारे सहज बोलतात. पण इंग्रजीत मेल लिहायला बसली की त्यातली बरीचशी हेच शब्द टाळतात आणि ‘कलेक्ट’, ‘रिसीव्ह’, ‘इम्प्रूव्ह’, ‘लर्न’ अशी खात्रीची क्रियापदे शोधतात. जीभ जिथे मोकळी आहे तिथे लेखणी का अडखळते, आणि एका क्रियापदाला इतके अर्थ फुटतात ते कशामुळे, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांना, कोशकारांना आणि शिक्षकांना दीर्घकाळ पडलेला आहे. त्याची उत्तरे कुठवर आली आहेत ते पाहावे, आणि त्यात मराठीकडून काय भर घालता येईल तेही सांगावे, एवढ्यासाठी हा लेख.

साधे क्रियापद आणि त्यामागून येणारा अप, आउट, ऑफ, ऑन असा छोटासा शब्द मिळून जे जोडक्रियापद होते त्याला इंग्रजीत ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच या प्रकाराकडे बोट दाखवले होते. परक्यांना इंग्रजीत सर्वांत अवघड काय जात असेल तर हेच, असे त्याचे निरीक्षण होते, आणि म्हणून त्याने असे प्रयोग कोशात मेहनतीने गोळा केले. नाव मात्र फार उशिरा मिळाले. लोगन पीअरसॉल स्मिथने १९२५ मध्ये ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरले आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे सांगितले. पुढे १९७१ मध्ये ड्वाइट बोलिंजरचे या विषयावरचे स्वतंत्र पुस्तक आले आणि १९७५ मध्ये कॉवी आणि मॅकिन यांचा कोश आला. यानंतर प्रत्येक मोठ्या प्रकाशकाने फ्रेजल व्हर्बचा वेगळा कोश काढला.

संगणकावर मजकुराचे प्रचंड साठे तयार झाले तेव्हा मोजणीही शक्य झाली. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ मध्ये दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमधून सर्वाधिक वापरातली १०० फ्रेजल व्हर्ब काढली. ‘गो ऑन’, ‘कॅरी आउट’ आणि ‘सेट अप’ यांच्या पाठोपाठ ‘पिक अप’चा क्रमांक चौथा लागला. या शंभरांचे मिळून ५५९ अर्थ निघाले, म्हणजे सरासरी एकेकाचे साडेपाचहून जास्त. इंग्रजी वाचताना साधारण दर दीडशे शब्दांमागे एक फ्रेजल व्हर्ब भेटते, असाही त्यांचा अंदाज आहे. हे आकडे वाचून शिकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण २०१५ मध्ये मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी हाच प्रश्न उलट बाजूने पाहिला. कोशात किती अर्थ आहेत हे बाजूला ठेवून लोक प्रत्यक्षात त्यांतले किती वापरतात ते त्यांनी तपासले. त्यांच्या १५० क्रियापदांच्या यादीत एकूण २८८ अर्थ आहेत, म्हणजे दर क्रियापदाला जेमतेम दोन. वर्गात शिकवणाऱ्याच्या दृष्टीने मला हे दुसरे काम जास्त मोलाचे वाटते. पहिल्याने प्रश्नाचा आवाका कळतो. सोमवारी सकाळी वर्गात नेमके काय शिकवायचे ते दुसऱ्याने कळते.

आकड्यांनी अर्थ किती ते कळले. ते कुठून येतात हा मूळ प्रश्न तसाच राहतो, आणि त्यावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो की हे सगळे रूढीचे खेळ आहेत. ‘अप’ म्हणजे वर हे खरे, पण ‘गिव्ह अप’मध्ये वर काय जाते? तेव्हा प्रत्येक जोडी स्वतंत्र पाठ करावी. दुसऱ्या तटाने १९८० नंतर जोर धरला. सुझन लिंडनर हिने १९८१ च्या आपल्या प्रबंधात ‘अप’ आणि ‘आउट’ यांच्या शेकडो जोड्या मांडून दाखवले की हे छोटे शब्द अर्थहीन नाहीत. ‘अप’चा मूळ अर्थ वर जाणे, त्यातून जवळ येणे, दृष्टीस पडणे, पूर्ण होणे अशा वाटा फुटतात.

संस्कृत व्याकरणाची ओळख असलेल्या मराठी वाचकाला हा वाद ऐकल्यासारखा वाटेल, आणि तो ऐकलेलाच आहे. यास्काच्या निरुक्तात शाकटायन आणि गार्ग्य यांची मते दिली आहेत. उपसर्गांना धातूपासून तोडले तर त्यांना स्वतःचा अर्थ उरत नाही, असे शाकटायन मानतो. उपसर्गांना स्वतःचे आणि तेही अनेक अर्थ आहेत, असे गार्ग्य म्हणतो. लिंडनर ही गार्ग्याच्या पक्षाची. हृ या एका धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार कसे होतात हे आपल्याकडे शाळेतही शिकवत असत. वेदांच्या भाषेत तर उपसर्ग धातूला चिकटलेलाही नसे. तो मागे येई, पुढे येई, मध्ये दुसरे शब्दही बसत, आणि पाणिनीने या वैदिक सवलतीची सूत्रांतून नोंद करून ठेवली आहे. ‘पिक इट अप’मध्ये क्रियापद आणि ‘अप’ यांच्यामध्ये सर्वनाम शिरते तेव्हा आपल्याला फार परके वाटायचे कारण नाही. संस्कृतात पुढे उपसर्ग धातूच्या आधी कायमचा जोडला गेला. इंग्रजीत तो क्रियापदाच्या मागे राहिला आणि मोकळा राहिला.

‘पिक’चा जुना अर्थ टोचणे, खुडणे, वेचणे असा. कापूस वेचणे, फुले वेचणे, कचरा वेचणे या सगळ्याला इंग्रजीत आजही ‘पिक’च आहे. त्याला ‘अप’ जोडले की वाकून, हाताने, खालची वस्तू वर घेणे. मराठीत या कृतीला उचलणे म्हणतात, आणि उचलणे या शब्दाच्या पोटातही ‘उत्’ म्हणजे ‘वर’ हा उपसर्ग आहेच. उत् अधिक चल्. म्हणजे इंग्रजीने जे दोन शब्दांत सांगितले ते मराठीच्या एका शब्दात मुरून बसले आहे.

इथून पुढचे साम्य मात्र थक्क करणारे आहे. फोन उचलतात. पोलीस रात्री येऊन संशयिताला उचलतात. इंग्रजी वर्तमानपत्रही त्याला ‘पिक्ड अप’ म्हणते. लहान मूल शब्द पटकन उचलते, शिष्य गुरूची लकब उचलतो, परगावी गेलेला माणूस तिथली भाषा उचलतो. मामा भाचीच्या लग्नाचा खर्च उचलतो, आणि हॉटेलचे बिल स्वतः भरणारा इंग्रज ते ‘पिक अप’ करतो. थोरला भाऊ जबाबदारी उचलतो. बंगळुरूतल्या संगणक कंपनीत एक जण दुसऱ्याचे अडलेले काम ‘पिक अप’ करतो. व्यापारी माल उचलतो, रेशन दुकानदार धान्याची उचल करतो. एखादे वर्तमानपत्र शेतकऱ्यांचा प्रश्न उचलून धरते. आणि मंदावलेल्या गोष्टीने पुन्हा जोर धरला की आपण म्हणतो तिने उचल खाल्ली: दुखण्याने उचल खाल्ली, जुन्या वादाने उचल खाल्ली, बाजाराने उचल खाल्ली. ‘बिझनेस इज पिकिंग अप’ या वाक्याला याहून जवळचा मराठी प्रयोग मला माहीत नाही.

मराठी इथेच थांबत नाही. ऊसतोडणीला निघण्यापूर्वी मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर ती फेडत राहतो. साखर कारखाना शेतकऱ्याला उसाची पहिली उचल देतो आणि ती किती असावी यावरून कोल्हापूर-सांगली पट्ट्यात आंदोलने होतात. विडा उचलण्याने माणूस प्रतिज्ञेला बांधला जातो. उचलेगिरी म्हणजे चोरी, मग ती बाजारातली असो की साहित्यातली. लक्ष्मण गायकवाड यांच्या ज्या आत्मकथेला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तिचे ‘उचल्या’ हे नाव एका संपूर्ण समाजावर मारलेल्या शिक्क्याचे नाव आहे. चोरीच्या अर्थाने इंग्रजी ‘लिफ्ट’कडे वळते, ‘पिक अप’कडे नाही. पण मूळ कृती एकच: पडलेले, ठेवलेले, दुसऱ्याचे असलेले काहीतरी हाताने उचलून आपले करणे.

दोन भाषांनी एकमेकींशी बोलल्याशिवाय इतके अर्थ जुळावेत, ही माझ्या मते लिंडनरच्या पक्षाची सर्वांत बळकट साक्ष आहे. हे अर्थ यदृच्छेने आलेले असते तर खर्च, भाषा, फोन आणि संशयित या चार गोष्टींसाठी दोन्हीकडे तोच शब्द निघाला नसता. माणसाचा हात जे करतो त्याच्या आधाराने मन बाकीचे समजून घेते.

अर्थात नकाशे सगळीकडे जुळत नाहीत, आणि खरा अभ्यास तिथे करावा लागतो. इंग्रजीत माणूस सर्दी ‘पिक अप’ करतो. मराठीत माणसाला सर्दी होते, आजार जडतो, व्यसन लागते. आपल्या व्याकरणात आजारापुढे माणूस कर्ता राहत नाही, तो ‘ला’ लावून बाजूला बसतो. रेडिओ लहरी ‘पिक अप’ करतो, आपला मोबाइल रेंज पकडतो. गाडी वेग ‘पिक अप’ करते, आपल्याकडे ती वेग पकडते किंवा घेते. आज अर्धवट राहिलेली चर्चा उद्या ‘पिक अप’ करू असे बंगळुरूच्या बैठकीत ठरते. मराठीत ती आपण उद्या पुढे नेतो. इंग्रज घरी येताना दूध ‘पिक अप’ करतो, आपण ते घेऊन येतो. अनोळखी व्यक्तीशी सलगी साधण्याचा जो अर्थ इंग्रजीत आहे तोही उचलणे या शब्दात नाही, आणि तो ठाऊक नसलेल्याची दोन माणसांत पंचाईत होऊ शकते.

सर्वांत मोठी दरी माणसाला गाडीतून नेण्याच्या अर्थात आहे. ‘आय विल पिक यू अप’ हे इंग्रजीत अगदी घरगुती वाक्य आहे. मराठीत मोठ्या माणसाला उचलले म्हणजे एक तर पोलिसांनी नेले नाही तर पळवून नेले. म्हणून मराठीत आपण घ्यायला येतो, आणि गाडी येते तिला आपण इंग्रजी नामच देऊन टाकले: पिकअप. बंगळुरूत या नामाला वेगळे गांभीर्यही आहे. २००५ च्या डिसेंबरात रात्रपाळीला निघालेल्या एका कॉल सेंटरमधल्या तरुणीचा, कंपनीची गाडी समजून ती ज्या गाडीत बसली त्या गाडीच्या चालकाने खून केला. रात्रपाळीतल्या महिलांना घरून नेण्या-आणण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यानंतर या शहरात कंपन्यांना, सरकारला आणि पालकांना टाळता आला नाही.

भारतीय इंग्रजीत या क्रियापदाचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ‘ही इज नॉट लिफ्टिंग द फोन’ हे वाक्य बंगळुरूत रोज ऐकू येते. कन्नडमध्ये फोन एत्तु, हिंदीत फोन उठाओ, मराठीत फोन उचल. सगळीकडून वर उचलणेच येते, तेव्हा इंग्रजीतही ‘लिफ्ट’ आले. रिसीव्हर खरोखर उचलून कानाला लावावा लागे त्या काळात इंग्लंडातही ‘लिफ्ट’ चालत असे. दुसरे वाक्य ‘आय विल पिक यू ॲट एट’. इथे ‘अप’ गळून पडले आहे. भारतात ‘पिक’ आणि ‘ड्रॉप’ ही जोडी एकदम बोलली जाते आणि ‘ड्रॉप’ला आपण ‘ऑफ’ लावत नाही, म्हणून ‘पिक’चाही शेपटीचा शब्द गेला असावा, असे मला वाटते. उलट ‘कोप अप’मध्ये आपण नसलेला ‘अप’ घालतो. ब्रिटिश किंवा अमेरिकी ग्राहकाशी लिहिताना या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. आपसात बोलताना त्यांना चूक म्हणण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण इथे बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोघांनाही अर्थ पूर्ण कळतो.

मराठीने तर ‘पिकअप’चे नाम करून त्याला स्वतःचा संसार थाटून दिला. एसटीच्या थांब्यावरच्या निवाऱ्याला गावोगावी पिकअप शेड म्हणतात. पुणे-बंगळुरू ट्रॅव्हल्सच्या तिकिटावर पिकअप पॉइंट असतो. भाजीची पाटी वाहणारी गाडी पिकअप. घाटात चढत नसलेल्या गाडीबद्दल मेकॅनिक म्हणतो, हिला पिकअप नाही. हा शेवटचा प्रयोग पुष्कळांना देशी चूक वाटतो, पण अमेरिकी कोशांत ‘पिकअप’चा वेग घेण्याची क्षमता हा अर्थ नीट नोंदलेला आहे. मालवाहू गाडीचे नावही अमेरिकेचेच. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातूनच पिकअप बॉडी बसवून विकायला सुरुवात केली.

अशा नोंदींसाठी महाराष्ट्राने जगाला एक मोठे साधन दिले, आणि त्याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकाराने दहा लाख शब्दांचा ‘कोल्हापूर कॉर्पस ऑफ इंडियन इंग्लिश’ तयार झाला. त्यातला मजकूर १९७८ मधला आहे आणि तो १९८६ मध्ये अभ्यासकांना खुला झाला. अमेरिकी इंग्रजीच्या ब्राउन कॉर्पसच्या धर्तीवर त्याची रचना असल्याने दोन्हींची तुलना करता येते. भारतीय इंग्रजीवर जगात कुठेही काम करणारा अभ्यासक कोल्हापूरचे नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. पण त्यात फक्त छापील मजकूर आहे. तोंडी ‘पिकअप’ त्यात सापडणार नाही. नंतरच्या ‘इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिश’च्या भारतीय विभागात बोलणेही आले आणि त्याच्याशीही शिवाजी विद्यापीठ जोडलेले होते. मराठीत शिरलेल्या इंग्रजीचा, म्हणजे पिकअप शेडपासून लॉग इनपर्यंतच्या शब्दांचा, असा मोठा साठा मात्र अजून व्हायचा आहे.

आता लेखणी का अडखळते या प्रश्नाकडे वळू. डॅगट आणि लॉफर यांनी १९८५ मध्ये हिब्रूभाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला तेव्हा ते फ्रेजल व्हर्ब टाळून एकशब्दी क्रियापदे निवडताना दिसले. हिब्रूत हा प्रकारच नाही म्हणून असे होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग १९८९ मध्ये हुलस्टाइन आणि मार्केना यांनी डच विद्यार्थी तपासले. डचमध्ये हा प्रकार आहे, आणि डच मुलांनी ही क्रियापदे सरसकट टाळली नाहीत. पण जी आपल्या भाषेतल्यांसारखी फारच हुबेहूब वाटली त्यांवर मात्र त्यांनी विश्वास ठेवला नाही. २००४ मध्ये लियाओ आणि फुकुया यांना असे दिसले की चांगले इंग्रजी येणारे चिनी विद्यार्थीही ही क्रियापदे टाळत नाहीत. म्हणजे मातृभाषेइतकाच सरावही महत्त्वाचा. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत मला डच निष्कर्ष लागू वाटतो. ‘पिक अप द एक्स्पेन्स’ लिहिताना त्याला खर्च उचलणे आठवते आणि नेमका त्यामुळेच तो बिचकतो: हे मराठीचे शब्दशः भाषांतर तर होत नाही ना? शाळेत त्याला वर्षानुवर्षे सांगितलेले असते की मराठीतून विचार केला की इंग्रजी चुकते. हा सल्ला सरसकट दिल्याने फार नुकसान झाले आहे.

आपली संयुक्त क्रियापदेही इथे उपयोगी पडतात. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त त्यांचा विचार केला आहे. लिही, लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून टाक. मूळ क्रिया एक, पण मागून येणाऱ्या छोट्या क्रियापदाने तिची दिशा आणि शेवट बदलतो. ‘ईट अप’मधला ‘अप’ म्हणजे खाऊन टाकमधला टाक. ज्या मुलाला लिहून घेणे आणि लिहून टाकणे यातला फरक न शिकवता कळतो, त्याला ‘राइट डाउन’ आणि ‘राइट अप’मधला फरक कळणार नाही असे मानणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

शिकवण्याच्या बाबतीत बंगळुरूने एकेकाळी जगाला वाट दाखवली होती. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळुरू, मद्रास आणि आसपासच्या साध्या शाळांत जो प्रयोग केला तो ‘बेंगलोर प्रोजेक्ट’ म्हणून प्रसिद्ध आहे. व्याकरणाचे नियम आणि शब्दांच्या याद्या न देता मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, हिशेब अशी कामे ठेवायची. लक्ष अर्थावर असले की भाषा आपोआप बसत जाते, हा त्यामागचा विचार. प्रभूंचे पुस्तक १९८७ मध्ये आले. आज जगभर कार्याधारित शिक्षण म्हणून जे चालते त्याच्या पायाशी या साध्या शाळांतले वर्ग आहेत. याच शहरात पुढे कॉल सेंटर आली आणि इंग्रजी शिकवण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. त्या प्रशिक्षणात उच्चारांना फार वेळ दिला गेला, आणि फ्रेजल व्हर्ब पुष्कळदा यादीच्या कागदावरच राहिली.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दोन तपे उलटली तरी व्याकरणाच्या पुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत फ्रेजल व्हर्ब अजून दोन रकान्यांत छापली जातात, डावीकडे क्रियापद, उजवीकडे अर्थ, आणि एकेका क्रियापदाचे पाच-सहा अर्थ एका ओळीत कोंबलेले असतात. मराठी माध्यमाच्या इंग्रजी शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘पिक अप’ शिकवायचे त्या तासाला आधी फळ्यावर उचलणे लिहा आणि ते कशाकशासाठी वापरतात हे मुलांनाच विचारा. ऊसपट्ट्यातली मुले उचल सांगतील, शहरातली फोन आणि खर्च सांगतील. जे जुळते ते पाठ करायला लावू नका, ते त्यांचे आहेच. वेळ द्या तो सर्दी, रेडिओ आणि घ्यायला येणारी गाडी यांना. मग ‘टेक ऑफ’ घ्या, ‘पुट अप’ घ्या, ‘सेट आउट’ घ्या, आणि दर वेळी पहिला प्रश्न हाच विचारा: यासाठी आपल्याकडे काय म्हणतात?